सुरगाण्यावरून उतरणारी विमाने

दिल्लीहून निघालेले विमान मुंबईत उतरायला नेमके कुठे लागते? प्रवाशांना विचारले तर कुणी ठाण्याची खाडी सांगेल, कुणी घाटकोपरची दाटीवाटीची वस्ती. नकाशावर दिल्ली आणि मुंबई यांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहिली, तर ती नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातून, सुरगाणा आणि पेठ तालुक्यांच्या डोक्यावरून जाते. सुरगाण्यापासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत १८० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे साधारण १०० सागरी मैल. ३५ हजार फुटांवरून येणाऱ्या जेट विमानाला जमिनीवर टेकायला जवळपास एवढेच अंतर लागते. प्रत्यक्षातले हवाई मार्ग रेघेइतके सरळ नसतात, मुंबईच्या गर्दीमुळे वाट वळणे घेते आणि लांबते. तरीही उत्तरेकडून मुंबईला येणाऱ्या कितीतरी विमानांच्या उतरणीचा निर्णय होतो तो नाशिकच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या आकाशात.

हा निर्णय वैमानिक एकटा घेत नाही. हजार फूट खाली यायचे असले तरी त्याला जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते, आणि उपग्रह-संगणकांच्या या काळातही ती परवानगी मुख्यतः तोंडी, रेडिओवर बोलून दिली जाते. एक माणूस आकडा सांगतो, दुसरा तोच आकडा परत उच्चारतो आणि दीडशे-दोनशे माणसे खाली येऊ लागतात. हे बोलणे सामान्य माणसाला समजले पाहिजे, असे आमचे मत आहे. ते ऐकण्याची कायदेशीर वाटही आपल्या देशात असायला हवी. नाशिकजवळच्या ओझरच्या विमानतळावर पुढच्या काळात विमानांची ये-जा वाढणार आहे, त्यामुळे नाशिककरांनी या विषयाकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे.

आधी उतरणीचे गणित पाहू. वैमानिकांचा जुना आडाखा सोपा आहे: जितके हजार फूट खाली यायचे, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागायचे. दिल्लीहून नाशिकला येणारे विमान ३६ हजार फुटांवर असेल आणि ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास असेल, तर खाली यायचे ३४ हजार फूट. तिप्पट केले की १०२ सागरी मैल, म्हणजे १९० किलोमीटरच्या आत-बाहेर. अर्थात नाशिकसाठीची उतरण शिरपूरच्याही पलीकडे, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ सुरू व्हायला हवी. एटीआरसारखे पंख्याचे विमान सतरा-अठरा हजार फुटांवरून येते, त्याला याच्या निम्मे अंतर पुरते.

ही उतरण चुकली तर ती सुधारणे अवघड का असते, हे कसारा घाटातून गाडी नेणाऱ्या नाशिककराला वेगळे सांगायला नको. उतारावर गाडी आपल्याच वजनाने पळते. वेगही कमी करायचा आणि खालीही जायचे, ही दोन्ही कामे एकदम करायची तर ब्रेकवर सगळा भार येतो. विमानाचे तसेच आहे. अंतर पुरेसे मिळाले तर इंजिने जवळजवळ स्वस्थ ठेवून ते घरंगळत खाली येते आणि इंधनही वाचते. अंतर कमी पडले तर नाक खाली करावे लागते, वेग वाढतो आणि मग तो वेग मारण्यासाठी पंखांवरचे स्पीडब्रेक उघडावे लागतात. म्हणून नियंत्रकाने ‘खाली या’ हे किती मैलांवर सांगितले, याला फार महत्त्व आहे.

आता हेच बोलणे मुंबईच्या संदर्भात जवळून पाहू. नाशिकच्या आकाशात वरच्या पातळीवर उडणारे विमान मुंबईच्या क्षेत्रीय नियंत्रकाशी बोलत असते. तो सांगतो, ‘डिसेंड टू फ्लाइट लेव्हल टू फोर झीरो.’ वैमानिक हेच शब्द आपल्या विमानाच्या नावासह परत म्हणतो. याला रीडबॅक म्हणतात. उंची, दिशा, धावपट्टीचा क्रमांक, हवेचा दाब या गोष्टी परत म्हणून दाखवणे सक्तीचे आहे, आणि परत म्हटलेले बरोबर आहे की नाही हे कान देऊन ऐकणे ही नियंत्रकाची जबाबदारी. त्या क्षणी प्रवाशाला जाणवते ते एवढेच, की इंजिनांचा आवाज एकदम मंदावला आणि कानांत दडे बसू लागले. थोड्या वेळाने विमान २४ हजार फुटांवर सरळ होते, इंजिने पुन्हा घुमू लागतात. घाबरट प्रवासी इथे खुर्चीचा हात घट्ट धरतो. खरे कारण साधे असते: खालच्या पातळीवर दुसरे विमान आहे आणि पुढची परवानगी अजून मिळालेली नाही. मग ‘रिड्यूस स्पीड’ येते, मग एखादे वळण, कधी ‘होल्ड’, म्हणजे ठरलेल्या बिंदूवर घिरट्या. १० हजार फुटांखाली वेग सर्वसाधारणपणे २५० नॉटच्या आत ठेवायचा असतो. मग विमान ॲप्रोचच्या, म्हणजे विमानतळाजवळच्या टप्प्याच्या, नियंत्रकाकडे सोपवले जाते, तो ते धावपट्टीच्या रेषेत आणतो आणि सांगतो, ‘रिपोर्ट एस्टॅब्लिश्ड.’ विमान उपकरणांनी दाखवलेल्या तीन अंशांच्या उतारावर आणि धावपट्टीच्या रेषेत आले की कळवा, असा त्याचा अर्थ. हा उतार दर सागरी मैलाला सुमारे ३०० फुटांचा असतो. वैमानिकाने तसे कळवले की टॉवर उतरण्याची परवानगी देतो.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा जागी तासाला ४५च्या आसपास विमाने चढवायची-उतरवायची म्हणजे प्रत्येक दोन विमानांमधले अंतर बोलून-बोलून राखावे लागते. मुंबईला जाणाऱ्या विमानाला पाऊण तास फिरवले म्हणून आपण विमान कंपनीला बोल लावतो. त्या पाऊण तासात नियंत्रकाने किती विमानांची किती उंची किती वेळा बदलली, हे आपल्याला दिसत नाही.

या बोलण्यात हवेच्या दाबाचा एक आकडा असतो, तोही समजून घेण्यासारखा आहे. विमानातला उंचीमापक खरे तर दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. वरच्या पातळीवर सगळी विमाने १०१३ हेक्टोपास्कल हा एकच दाब गृहीत धरून उडतात, म्हणून तिथे ‘फ्लाइट लेव्हल’ असे म्हणतात. खाली येताना मात्र त्या ठिकाणचा खरा दाब लावावा लागतो. ऐन पावसाळ्यात आपल्याकडे दाब उतरतो; समजा तो १००३ आहे आणि वैमानिक १०१३ बदलायला विसरला, तर उंचीमापक प्रत्यक्षापेक्षा पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त दाखवेल. ढगांनी झाकलेल्या डोंगराजवळ एवढी चूक पुरेशी असते. म्हणूनच नियंत्रक हा आकडा न चुकता सांगतो आणि परत वदवून घेतो.

डोंगरांचा मुद्दा ओझरला विशेष लागू आहे. ओझरच्या उत्तरेला सातमाळा रांग आहे. तिथला धोडप किल्ला ४,८०० फुटांच्या आसपास उंच, आणि विमानतळापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरच. त्याही पलीकडे बागलाणात साल्हेर ५,१४१ फुटांवर उभा आहे. उत्तरेकडून येणाऱ्या विमानाला या रांगेवरून पुरेशा उंचीने यावे लागते, आणि मगच ओझरच्या सपाटीकडे झुकता येते. दक्षिणेला देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण संस्थेची गोळीबाराची मैदाने आहेत. गोळीबार चालू असताना त्यावरचे आकाश बंद ठेवावे लागते. नाशिक रोडजवळ गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. आणि ओझरचा विमानतळ मुळात हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा. मिग-२१ बनवण्यासाठी १९६४ साली हा कारखाना उभा राहिला, पुढे तिथेच सुखोई-३० जुळवली गेली, आणि लढाऊ विमानांची चाचणी उड्डाणे आजही याच धावपट्टीवरून होतात. नागरी प्रवाशांसाठीची इमारत २०१४ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे प्रवासी विमान इथे पाहुणे आहे. एखाद्या दिवशी ते निफाडवर दोन घिरट्या घालते, तेव्हा त्याला थांबवणारे कारण बहुधा या यादीतले असते. ते विमानात बसलेल्याला कुणी सांगत नाही, आणि तेवढ्यात फोनवर ‘विमान भरकटले’ असा मजकूर फिरू लागतो.

उतरणीच्या बोलण्याचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दाखवणारी घटना मात्र नाशिकची नाही, मंगळूरची आहे. तिचा उलगडा एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाला, म्हणून ती इथे सविस्तर सांगतो. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळले. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायालयाचे अध्यक्ष होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्यांचा अहवाल आम्हांला मोलाचा वाटतो. त्यातली रेडिओवरची आणि कॉकपिटमधली वाक्ये शेजारी-शेजारी ठेवून वाचली की उतरण कशी बिघडते ते पायरी-पायरीने दिसते.

मंगळूरचे रडार त्या आठवड्यात, २० मेपासून, बंद होते. रडार असते तर नियंत्रकाला विमान कुठे आणि किती उंचीवर आहे हे पडद्यावर दिसले असते. ते नसल्यामुळे त्याला वैमानिकाच्या सांगण्यावरच विसंबावे लागत होते, आणि अशा वेळी विमाने एकमेकांपासून लांब ठेवण्यासाठी परवानग्या उशिराने दिल्या जातात. ३७ हजार फुटांवर असलेल्या विमानाला ८० मैलांवर आल्यावर कळवायला सांगितले गेले. तिथे पोहोचल्यावर ७ हजार फुटांपर्यंत उतरायची परवानगी मिळाली आणि ७७ मैलांवर विमान उतरू लागले. आता आपला तिपटीचा आडाखा लावा. ३७ हजार फुटांसाठी १११ मैल हवे होते. धावपट्टीकडे वळण्यापूर्वी विमानाला एक कमान फिरून जायचे होते, त्यामुळे थोडे अंतर परत मिळत होते. तरी तूट मोठीच होती.

ही तूट भरून काढता आली नसती असे नाही. वैमानिक जागा आणि सावध असेल तर तो लवकर वेग मोडतो, चाके आधी सोडतो, किंवा सरळ म्हणतो की मी अजून वर आहे, मला एक फेरी द्या. पण या विमानाचा कॅप्टन प्रवासाचा मोठा भाग झोपलेला होता आणि उतरणीच्या सुमारासच जागा झाला होता. साडेआठ हजार फुटांवर चाके सोडली गेली, स्पीडब्रेक उघडेच होते, तरीही विमान वरच राहिले. टॉवरने विचारले, धावपट्टीच्या उतारावर आलात का? उत्तर गेले, होय. टॉवरने उतरायची परवानगी दिली आणि वारा शांत असल्याचे सांगितले. धावपट्टी अडीच मैलांवर असताना विमान जमिनीपासून अडीच हजार फूट वर होते. तिथे ते ८०० फुटांच्या आसपास असायला हवे होते. सहवैमानिकाने ‘फार वर आहोत’ असे सांगितले, फेरी घ्या असे तीनदा म्हटले. कॅप्टनने उतरणे सोडले नाही. विमान धावपट्टीच्या सुरुवातीपासून ५,२०० फुटांवर टेकले. धावपट्टी ८ हजार फुटांची होती.

अहवालाने मुख्य दोष कॅप्टनच्या निर्णयावर ठेवला आणि ते योग्यच होते. पण पूरक कारणांत त्याने रडार बंद असल्याची आणि त्यामुळे उतरणीची परवानगी नेहमीपेक्षा कमी अंतरावर मिळाल्याची नोंदही केली. त्याचबरोबर वैमानिकांनी आपली उतरण नीट आखली नाही असेही बजावले. आम्हांला या नोंदीतला एक तपशील फार अस्वस्थ करतो. त्या पहाटे कुणी फक्त रेडिओ ऐकत असता, तर त्याला काहीच वावगे वाटले नसते. प्रश्न नेहमीचा, होकार नेहमीच्या आवाजात, परवानगी नेहमीची. गडबड होती ती आकड्यांत, आणि आकडे जुळवून पाहणारे रडार त्या दिवशी नव्हते.

याच प्रकारची दुसरी, याहून भीषण घटना १२ नोव्हेंबर १९९६ ची. दिल्लीहून चढणारे सौदी विमान आणि दिल्लीत उतरणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातल्या चरखी दादरीजवळ आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे गेली, एकही वाचला नाही. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते आणि समोरून येणाऱ्या विमानाची कल्पनाही दिली होती. ते १४ हजारांच्या पातळीपर्यंत खाली गेले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमाने ठिपक्यांसारखी दिसत, त्यांची उंची दिसत नसे. म्हणजे इथेही नियंत्रकाकडे उंची होती ती वैमानिकाने तोंडाने सांगितलेली. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीनंतर आपल्याकडे उंची दाखवणारी रडार यंत्रणा आली, येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळण्याचा इशारा देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. ही तिन्ही पावले आज आपल्याला सवयीची वाटतात.

या दोन्ही घटना आम्ही एका कारणासाठी सांगितल्या. हवाई संभाषण ऐकणाऱ्याला आपल्याला सगळे कळते असा भास होऊ शकतो. प्रत्यक्षात बोलणे हा उतरणीचा एक धागा आहे. अंतर, उंची आणि वेग यांच्याशी तो जोडला तरच त्याचा अर्थ लागतो. अपघातानंतर फोनवर फिरणाऱ्या दहा-वीस सेकंदांच्या ध्वनिफिती ऐकून वैमानिकाचा किंवा नियंत्रकाचा निवाडा करणारे लोक हा धागा तोडून हातात घेतात. जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर प्राथमिक अहवालातल्या कॉकपिटमधल्या दोन वाक्यांवरून केवढे तर्क लढवले गेले, ते सर्वांनी पाहिले आहे. ज्या समाजाला रोजचे, बिनअपघाताचे हवाई संभाषण कसे असते हे ठाऊक आहे, तो अशा वेळी धीराने वागेल, असे आम्हांला वाटते.

पण रोजचे संभाषण ऐकायचे कुठून? हे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जुन्या एएम पद्धतीने, कुलूप न लावता उघड्यावर चालते. एएम मुद्दाम टिकवले आहे: दोन वैमानिक एकदम बोलले तर एफएमवर जोरकस आवाज दुसऱ्याला पार झाकून टाकतो, एएमवर मात्र दोन्हींची सरमिसळ होऊन कर्कश शीळ वाजते आणि नियंत्रकाला कळते की आणखी कुणीतरी काही सांगू पाहतो आहे. या लहरी सरळ रेषेत जातात. त्यामुळे ३५ हजार फुटांवरच्या विमानाचा आवाज सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो, जमिनीवरच्या टॉवरचा आवाज मात्र पहिल्याच डोंगराशी अडतो. नाशिकमध्ये रिसीव्हर लावला तर मुंबई टॉवर सह्याद्रीच्या आड राहील आणि वैमानिक स्पष्ट ऐकू येतील. पण रीडबॅकच्या शिस्तीमुळे तेवढ्यानेही काम भागते, कारण नियंत्रकाचा आकडा वैमानिकाच्या तोंडून पुन्हा येतोच.

तंत्र इतके सोपे असले तरी आपला कायदा त्याला परवानगी देत नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांनी परवान्याशिवाय रेडिओ यंत्र बाळगणे आणि दुसऱ्याचा संदेश ऐकणे यांवर बंधन घातले. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगायला सरकारी परवानगीची अट कायम ठेवली. हॅम रेडिओचा परवाना असलेल्यांनाही मुभा मिळते ती त्यांच्यासाठी राखलेल्या पट्ट्यांपुरती. काही हजार रुपयांत मिळणारे यूएसबीवर चालणारे रिसीव्हर विद्यार्थी प्रयोगासाठी घेतात. त्यावर हवाई संभाषण लावणे बेकायदा आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीतही नसते. महाविद्यालयांनी ते त्यांना सांगितले पाहिजे. ज्या विमानतळाशेजारी लढाऊ विमानांची चाचणी चालते, तिथे असा प्रयोग अंगाशी येऊ शकतो.

जगात या बाबतीत एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानुसार आजही हवाई संभाषण ऐकणे गुन्हा आहे. आपले जुने कायदे त्याच परंपरेतले. अमेरिकेत ते खुले आहे. तिथल्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानांत अनेक वर्षे खुर्चीच्या हेडफोनवर नऊ क्रमांकाच्या वाहिनीवर कॅप्टनची परवानगी असेल तेव्हा नियंत्रकाशी चाललेले बोलणे प्रवाशांना ऐकता येई. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातला शाळकरी मुलगा नेवार्कला उतरणाऱ्या विमानांचे बोलणे घरबसल्या, कायद्याला धरून ऐकू शकतो. त्याचा नाशिकचा मावसभाऊ इंटरनेटवर तेच न्यूयॉर्कचे ॲप्रोच ऐकू शकतो, स्वतःच्या डोक्यावरून मुंबईला चाललेले विमान मात्र नाही. विमानाची उंची आणि वेग दाखवणारी अ‍ॅप मात्र दोघांच्याही फोनवर आहेत. वैमानिकाने कोणती उंची धरली हे सगळ्यांना दिसते, ती त्याला का धरावी लागली हे मात्र कळत नाही.

सरकारच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे आणि ते आम्ही हलके मानत नाही. ओझर, लोहगाव, नागपूर अशा अनेक ठिकाणी नागरी आणि लष्करी उड्डाणे एकाच धावपट्टीवरून होतात. लढाऊ विमानाच्या चाचणीची वेळ, त्याची उंची, परतीची दिशा बाहेर जाता कामा नये. नियंत्रकांचीही बाजू आहे: तासन्‌तास एका चुकीलाही जागा नसलेले काम करताना आपले प्रत्येक वाक्य कुणीतरी कापून समाजमाध्यमांवर टाकेल, ही भीती त्यांच्या डोक्यावर ठेवणे बरे नाही. म्हणून सगळे सरसकट, त्याच क्षणी खुले करा, अशी आमची मागणी नाही.

मधला मार्ग आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नियंत्रकांचे संभाषण ध्वनिमुद्रित करून किमान ३० दिवस जपावेच लागते. म्हणजे साठा तयारच असतो. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मुंबईच्या निव्वळ नागरी ॲप्रोच वाहिनीवरचे निवडक तास, काही दिवसांच्या विलंबाने, नियंत्रकांची ओळख उघड न करता आणि सोबत त्या वेळची उंची-अंतराची नोंद जोडून प्रसिद्ध करावेत. वैमानिक होऊ पाहणाऱ्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या, नियंत्रकाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना यासारखे पाठ्यसाहित्य नाही. रीडबॅक कसा देतात, ‘होल्ड’ सांगितल्यावर वैमानिक काय विचारतो, पावसात फेरी घेताना आवाज किती शांत ठेवतात, हे पुस्तकात वाचून येत नाही. ओझरचा टॉवर हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ताब्यात आहे आणि तिथले संभाषण बंदच राहावे. त्याऐवजी नागरी विमानाला उशीर झाला तर ‘चाचणी उड्डाण’, ‘गोळीबाराचे क्षेत्र’, ‘हवामान’ एवढे एक-दोन शब्दांचे कारण प्रवाशांपर्यंत जाहीरपणे पोहोचवले तरी पुरे. त्याने कोणतेही गुपित फुटत नाही.

याची निकड येत्या दोन वर्षांत वाढणार आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असलेल्या दोन मोठ्या विमानतळांसाठी उतरणाऱ्या विमानांच्या वाटा आता वेगळ्या ठेवाव्या लागतील आणि त्यांची आखणी घाटमाथ्याच्या अलीकडेच, म्हणजे आपल्याच बाजूला करावी लागेल. त्यातच २०२६-२७ चा नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा आहे. पर्वणीच्या दिवसांत, आणि त्याही श्रावण-भाद्रपदाच्या ढगांत, ओझरला नियमित विमानांसोबत विशेष विमाने आणि हेलिकॉप्टरे येतील. रस्ते, घाट, रेल्वेची फलाटे यांच्या तयारीवर जिल्हा प्रशासनाच्या बैठका होत आहेत. त्या बैठकांत हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानतळ प्राधिकरण, देवळालीची तोफखाना प्रशिक्षण संस्था आणि गांधीनगरचे लष्कराचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण केंद्र यांनी एकत्र बसून पर्वणीच्या दिवसांचे आकाशाचे वेळापत्रक ठरवावे. गोळीबार कोणत्या तासांत बंद, चाचणी उड्डाणे कोणत्या तासांत नाहीत, हे आधी ठरले, तर नियंत्रकाला शिरपूरवरच विमानाला ‘डिसेंड’ म्हणता येईल आणि धोडपजवळ येऊन घिरट्या घालायची वेळ त्या विमानावर येणार नाही.